आंघोळ सोडून

डहाणू,
१२ नोव्हेंबर २०१६

वहिनी,

गावच्या लडक्याच्या टेम्पोतून चिठ्ठी आली म्हणून हसू नकोस. तुला फोन लावायचा म्हणजे तू चिंचेखाली रेंज शोधत उभी राहणार, अर्ध्या वाक्याला "काय? काय?" करणार आणि शेवटी आई फोन ओढून घेऊन मला जेवलीस का विचारणार. आज काम आहे, म्हणून लिहिते.

आमच्या साहेबांनी आपल्या पाड्याखालची शेठची जुनी चिकूची वाडी घेतली. तिथे मुंबईच्या लोकांसाठी बंगले होणार. तू नाक मुरडशील, पण हे साधे बंगले नाहीत. पाणी वाचवणारी घरं आहेत. नळाच्या तोंडाला बारीक जाळी, त्यानं पाण्यात हवा मिसळते, धार जाड वाटते आणि पाणी कमी जातं. संडासाला दोन बटणं, लहान आणि मोठं. गरम पाण्याची टाकी न्हाणीच्या अगदी जवळ, म्हणजे गरम येईपर्यंत गार पाणी मोरीत ओतायला नको. आंघोळीचं पाणी बागेला, छपरावरचं पावसाचं पाणी जमिनीखालच्या टाकीत. आणि अशा एका घरात वर्षाला किती पाणी वाचेल, याचा अंदाज काढायचं काम माझ्याकडे आलंय. चार मुलगे होते ऑफिसात, त्यांना सोडून मला दिलं.

आता तुमचं. साहेब वरच्या ओहोळावर बंधारा बांधणार, स्वतःच्या खर्चानं. त्यातून आपल्या पाड्यात घरोघरी नळ देणार. आधी पाड्याला लागेल तेवढं, मग उरेल ते बंगल्यांना, असं ठरलंय. म्हणून पाड्याला किती लागतं ते कळायला हवं. तेही मीच काढणार आहे. तू अंगणवाडीची ताई, तुझ्या शब्दाला बायका मान देतात. दहा घरं धर आणि आठवडाभर बघ, डोक्यावरून घरात किती हंडे येतात.

आईचे गुडघे आठवले की मला इथे घास उतरत नाही. तिच्या दारात नळ आला की मी जिंकले.

तुझी लाडकी (तू नाही म्हटलंस तरी)
शितल


झरी,
४ डिसेंबर २०१६

नणंदबाई,

आमचं डोकं खाऊन तुम्ही मॅडम होणार, हे मला तुझ्या लहानपणापासून माहीत असायला हवं होतं. पण मी तेव्हा इथे नव्हते, म्हणून फसले.

मोजलं. काय तमाशा झाला म्हणून सांगू. कमळीला वाटलं हंड्यावर पाणीपट्टी बसणार, तर ती मला बघितलं की हंडा पदराखाली घ्यायची. भरलेला हंडा पदराखाली कसा लपेल, तूच सांग. भिकीला वाटलं जास्त पाणी आणेल तिला बक्षीस आहे. तिनं दोन दिवस विहीर अशी उपसली की सासू म्हणाली सुनेच्या अंगात आलंय. ते दोन दिवस मी सोडून दिले. बाकी सगळं खरं आहे. लहानमोठे धरून माणशी एक हंडा पडतो, आपला पंधरा लिटरवाला.

आता पुढचं नीट वाच. हे फक्त घरात आलेलं पाणी आहे, पिण्याचं आणि रांधायचं. आंघोळ, धुणी, गुरं हे सगळं ओहोळावर होतं, ते यात नाही. घरात आंघोळ करते ती बाळंतीण नाहीतर आजारी. हे मी तुला सांगायला नको. मी लग्न होऊन आले तेव्हा बायकांचा डोह तूच मला दाखवलास आणि पहिल्याच दिवशी माझा नवाकोरा साबण वाहून घालवलास. त्या पाण्याचा हिशेब तू तुझ्या शिक्षणानं लाव. मला ओहोळ मोजता येत नाही.

आणि एक विचारते. बंगले अजून बांधले नाहीत, माणसं राहायला आली नाहीत. मग जे पाणी कोणी कधी वापरलंच नाही ते वाचतं कसं? तुझ्या दादाला विचारलं, तर तो म्हणाला तुम्हा दोघींच्या मध्ये मी पडत नाही आणि उंबरगावच्या कंपनीत रात्रपाळीला निघून गेला.

सासूबाई म्हणतात, बारीक झाली असेल पोर. सुकट पाठवली आहे. ऑफिसात डबा उघडू नकोस, साहेब पळून जाईल.

तुझी सोसणारी वहिनी
जयश्री


डहाणू,
२० जानेवारी २०१७

वहिनी,

हंडे पोचले, सुकट पोचली, दोन्हींचा वास ऑफिसभर पसरला.

तुझा प्रश्न मी साहेबांना सांगितला, ते खूप हसले. म्हणाले, तुझ्या वहिनीला नोकरीला घेऊया. अगं, यालाच अंदाज म्हणतात. साध्या बंगल्यात माणूस आंघोळीला किती घेईल, संडासाला किती, कपडे धुवायचं मशीन, भांडी, गाडी धुणं, बाग, एकेक वेगळं धरायचं. मग आमच्या घरात त्याच कामाला किती लागेल ते काढायचं. वजाबाकी केली की वाचलेलं पाणी. माझ्या हिशेबानं निम्म्याच्या जवळ वाचतं. साहेबांनी तो तक्ता मोठा छापून भिंतीवर लावला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, हे शितलचं काम. वहिनी, मी आश्रमशाळेतून आलेली पोर, चहा कुठे ठेवलाय विचारायलाही घाबरायचे. त्या दिवशी मी खुर्चीला टेकून बसले.

ओहोळाचं मी बघते. मी काय ओहोळ विसरले?

आता ग्रामसभेचं तू बघ. बंधाऱ्याला पाड्याचा होकार लागतो. साहेब येऊन बोलतील, पण साहेबांचं बोलणं बायकांच्या डोक्यावरून जाईल. तू बोललीस तर त्या हात वर करतील. आईचा हात तूच धरून वर कर, नाहीतर ती झोपेल.

तुझी
शितल मॅडम


झरी,
२ मार्च २०१७

शितल,

झालं तुझं काम. पण सुखासुखी झालं नाही.

तुझे साहेब छान बोलले, पाण्याची बाटली पीत पीत. मग काकड्याबाबा उठले. तुला माहीत आहे, ते वर्षातून एकदा बोलतात. म्हणाले, ओहोळ वर अडवला तर खाली काय वाहणार? बायका नहायला कुठे जाणार? साहेबांनी सोबत आणलेल्या तुमच्या ऑफिसातल्या मुलाकडे बघितलं, मुलानं कागदांकडे बघितलं. मग मी उठले. मला कोणी ऊठ म्हटलं नव्हतं. मी म्हटलं, बाबा, हिशेब आपल्या शितलनं केलाय. ती याच ओहोळात पोहायला शिकली. ओहोळ आटला तर आंघोळीचं पाणी नळातून येईल, तिनं ते धरलेलं असणार. आपली पोर तिथे बसली आहे, तर भ्यायचं कशाला?

बायकांनी हात वर केले. भिकीनं दोन्ही केले, तिला एक खाली करायला लावला. काकड्याबाबांनी शेवटी केला. माझ्याकडे बघून केला, साहेबांकडे बघून नाही.

म्हणून आता मला एवढंच लिही. आंघोळ, धुणी आणि गुरांचं पाणी धरलंस ना? मोठं पत्र नको. हो किंवा नाही लिही. त्याशिवाय मला चैन पडायची नाही.

जयश्री


डहाणू,
१६ एप्रिल २०१७

वहिनी,

विवळवेढ्याला महालक्ष्मीच्या जत्रेत गेले होते, तुझ्यासाठी बांगड्या घेतल्या. हिरव्या नाहीत, तुला जांभळ्या शोभतात. आईला पायात घालायला चपला घेतल्या, त्या ती पेटीत ठेवणार हे माहीत आहे.

हो, सगळं धरलंय. किती शंका काढतेस गं तू. तुला अंगणवाडीत नाही, कोर्टात बसवायला हवं.

काम खूप आहे. बंधाऱ्याचा खड्डा जूनच्या आधी व्हायला हवा. तुला आता पत्र लिहायला जमेल न जमेल, राग धरू नकोस.

शितल


झरी,
९ डिसेंबर २०१८

शितल,

दीड वर्षात तुझी चार ओळींची चिठ्ठी नाही. दिवाळीला आलीस ती साहेबांच्या गाडीतून, गेलीस त्याच गाडीतून. मनातून फार रागावले होते. पण आज राग ठेवायला जागा नाही, म्हणून लिहिते.

नळ आला. काल सकाळी. सासूबाई नळासमोर फतकल मारून बसल्या आणि धार हातावर घेत राहिल्या, कोणाला बंद करू देईनात. मी म्हटलं, अहो पाणी वाया जातं, तुमची लेक काय म्हणेल? म्हणाल्या, माझ्या लेकीचंच पाणी आहे, जाऊ दे थोडं. आणि रडायला लागल्या. मग मी पण. भिकीनं नळाला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, आणि खोबरं वाटायच्या आधी निम्मं खाल्लं.

संध्याकाळी काकड्याबाबा ओट्यावर येऊन बसले. म्हणाले, तुझी नणंद खरी निघाली. मी एवढी फुगले की रात्री जेवणही गेलं नाही. तुझ्यामुळे पहिल्यांदा या गावात मला सासर-माहेर एकच वाटलं.

सुट्टी काढून ये. आईच्या नळाचं पाणी पिऊन जा.

तुझी वहिनी
जयश्री


झरी,
२४ फेब्रुवारी २०१९

शितल,

संक्रांतीपासून ओहोळ वाहत नाही. बायकांच्या डोहात आधी हिरवं पाणी राहिलं, मग चिखल, आता म्हशीसुद्धा तिकडे वळत नाहीत. विहीर ओहोळाच्या काठाची, तीही आटली. नळ येतो सकाळी, घरातल्या माणसामागे एक हंडा भरेल एवढा वेळ येतो आणि जातो. अगदी बरोबर एक हंडा. पहिल्या दिवशी मला वाटलं योगायोग असेल.

त्या हंड्यात प्यायचं, रांधायचं, आंघोळ करायची, धुवायचं. बायका दोन-तीन दिवसांनी घराच्या मागे लुगडं आडवं बांधून तांब्यातांब्यानं अंग धुतात. कमळीच्या दोन्ही मुली पाळीच्या दिवसांत शाळेत जात नाहीत, धुवायला पाणी नाही म्हणून. तुझी आई माझ्या नकळत पाणी प्यायची कमी झाली, मला उचकी लागली तेव्हा तिनं स्वतःचा भरलेलाच राहिलेला तांब्या पुढे केला, त्यावरून कळलं.

परवा आम्ही सात-आठ जणी बंगल्यांवर गेलो. वॉचमन आपल्याच गावातला, त्यानं सोडलं. बंगले रिकामे आहेत, माणसं शनिवारी येतात म्हणे. दारादारावर पाटी आहे, हे घर वर्षाला इतकं पाणी वाचवतं. मधोमध निळ्या फरशीचा पोहायचा तलाव आहे, काठोकाठ भरलेला. तिथे एक तरुण इंजिनियर होता, चांगला होता बिचारा, आम्हाला सावलीत बसवलं. मी विचारलं, हे पाणी कुठलं? म्हणाला, ताई, घरांमध्ये जे वाचतं त्यातून हे भरतो, बाहेरचा एक थेंब नाही. मग मी पाड्याचं विचारलं. म्हणाला, तुमच्या पाड्याला माणशी एक हंडा लागतो, तुमच्याच गावच्या कोणा जयश्रीबाईंनी मोजलंय. आंघोळ आणि धुणी शितल मॅडमनी शून्य धरलं आहे. त्या तिथल्याच आहेत, त्यांना माहीत असणार.

मी त्याला सांगितलं, मीच जयश्री. बाकीच्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. त्या बघण्याचं मी तुला काय लिहू?

बंगल्यातल्या माणसाची आंघोळ तू धरलीस, त्याची गाडी धुणं धरलंस. न आलेल्या माणसांचं न वापरलेलं पाणी वाचवून त्याचा तलाव केलास. आणि ज्या पाण्यात तू वाढलीस ते शून्य. चुकून राहिलं असेल, असं मी घरी येईपर्यंत मनाला समजावत होते. पण मी तुला विचारलं होतं आणि तू हो लिहिलं होतंस.

सांग, का?

जयश्री


डहाणू,
८ मार्च २०१९

वहिनी,

तुझं पत्र वाचून दोन दिवस ताप आला. तू मला एवढी वाईट समजशील असं वाटलं नव्हतं.

शांतपणे ऐक. मी आंघोळ धरली होती. पहिल्या हिशेबात धरली होती. तर बंधाऱ्यातलं जवळजवळ सगळं पाणी पाड्यालाच लागत होतं, बंगल्यांना काही उरेना. साहेब म्हणाले, मग मी बंधारा कशाला बांधू? खरंच आहे ना त्यांचं? बंधारा नाही तर नळही नाही. ते म्हणाले, त्या लोकांना ओहोळाची सवय आहे, थोडं खाली झिरपत राहीलच, त्यांचं भागेल. मलाही वाटलं झिरपेल. मी शून्य टाकलं म्हणून निदान एक हंडा दारात तरी आला. नाहीतर आई आजही विहिरीवर गेली असती. याचा विचार कोणीच करत नाही. सगळ्यांची वाईट मीच.

मी साहेबांशी बोलणार आहे, पण आत्ता नाही. आत्ता माझं नाव मोठ्या कामासाठी पुढे गेलंय. तोवर लडक्याबरोबर डबाभर जाळ्या पाठवते, बंगल्यांना लावल्या त्याच. सगळ्यांच्या नळांना लाव. पाणी निम्म्यानं वाचेल.

आणि एक आनंदाची गोष्ट, ती अशा पत्रात लिहावी लागतेय. माझं लग्न ठरलं. मुलाचं नाव जीवन, आगर गावचा आहे, डहाणूच्या शाळेत शिकवतो. मेच्या दुसऱ्या आठवड्यात. त्याच्या घरचे म्हणतात हळद मुलीच्या गावीच व्हायला हवी, आणि मलाही तसंच हवंय. आईच्या अंगणात. तू आहेस म्हणून मला काळजी नाही.

आईला यातलं काही सांगू नकोस. तिला सोसणार नाही.

तुझीच
शितल


झरी,
३० मार्च २०१९

शितल,

जाळ्या पोचल्या. लावून बघितली एक. धार जाड दिसते, तू म्हणालीस तशी. हंडा मात्र दुप्पट वेळानं भरतो आणि तेवढ्यात नळ जातो. तुझी जाळी हात धुणाऱ्या माणसाचं पाणी वाचवते. ज्याला हंडा भरायचा आहे त्याला हंडाभरच पाणी लागतं. डबा परत पाठवला आहे, बंगल्यांना लागेल.

तुझं कारण मी पुन्हा पुन्हा वाचलं. कदाचित बंधारा खरंच झाला नसता. असू दे. मग आम्हाला विचारायचं होतंस. ओहोळ देता का, बदल्यात एक हंडा घेता का, असं ग्रामसभेत उभं राहून विचारायचं होतंस. आम्ही नाही म्हटलं असतं. ते ‘नाही’ आमचं होतं, ते तू आमच्या वतीनं खाऊन टाकलंस आणि आमच्या तोंडून हो वदवलंस, तेही माझ्या तोंडून. केसानं गळा कापलास, शितल. साहेबाचा मला राग नाही, तो परका आहे. "त्या लोकांना सवय आहे" असं तो म्हणाला तेव्हा त्या लोकांतली एक त्याच्या समोर बसली होती आणि तिनं मान हलवली.

परवा अंगणवाडीत डोस होता. भिकी पोर घेऊन आलीच नाही. मी घरी गेले, तर म्हणाली, तू म्हणतेस म्हणून एकदा हात वर केला होता, आता पुरे. हसत म्हणाली नाही. तिच्यासारख्या अजून पाच घरांनी पोरं आणली नाहीत. दहा वर्षं उन्हातान्हात फिरून मी या पाड्यात जे कमावलं होतं ते एवढंच होतं, माझ्या शब्दावर पोरं यायची. दारोदार जाऊन हात जोडतेय. काकड्याबाबा मला बघितलं की तोंड फिरवत नाहीत, नमस्कार करतात, त्याचंच जास्त लागतं.

सासूबाईंना मी सांगितलं. तू नको म्हणालीस, पण तुझ्यासाठी खोटं बोलायचं माझं संपलं. दुसऱ्या दिवशी नळ आला तेव्हा उठल्या नाहीत. मी हंडा भरून पुढे ठेवला तर म्हणाल्या, आधी कमळीच्या पोरींना दे.

आता हळदीचं. आपल्याकडे हळद उतरवायचं पाणी पाच सवाशिणी डोक्यावरून आणतात आणि वहिनी नवरीला आंघोळ घालते. मी रीत म्हणून पाच घरी विचारायला गेले. कोणी भांडलं नाही. कमळी म्हणाली, लग्नाला येऊ, नाचू, पण हंडा देणार नाही. दुसरी म्हणाली, आमची पोरं धुवायची राहिली आहेत. तिसऱ्या घरी मी विचारलंच नाही. दारात उन्हात वाळत घातलेली, न धुतलेली गोधडी बघून परत फिरले.

तेव्हा लग्न डहाणूला कर. तिथल्या नळाला पाणी आहे. तुझ्या आईला मी घेऊन येईन, तिचा हात धरून मांडवात बसवीन. तुझ्या दादाला रजा घ्यायला लावीन. अक्षता टाकीन, कारण तुझं वाईट व्हावं असं मला अजूनही वाटत नाही आणि त्याचाच मला राग येतो.

पण तुझ्या अंगावर पाणी मी ओतणार नाही. आंघोळ घालायला दुसरी वहिनी शोध.

जयश्री